पार्श्वभूमी : गर्भपाताचे निकाल, निषेधाच्या चौकटी आणि एक अडचणीचा शब्द

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात धरणे धरले, तर पोलीस फार तर वाहतुकीचे कारण काढतात. तीच माणसे, तेच फलक जालना रोडवर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या फाटकासमोर आले की प्रश्न वाहतुकीचा राहत नाही. गर्भपाताची परवानगी नाकारणाऱ्या, किंवा काहींच्या मते फार सैलपणे देणाऱ्या, निकालांवर रस्त्यावर काय बोलता येते, हा वाद मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा वर येतो. त्याची मुळे मात्र जुनी आहेत.

योगायोग असा, की गर्भपाताचा कायदा आणि न्यायालय अवमान कायदा एकाच वर्षी आले. पहिला १९७१चा ३४ क्रमांकाचा, त्याला १० ऑगस्टला मंजुरी मिळाली. दुसरा ७० क्रमांकाचा, २४ डिसेंबरचा. पुढची पस्तीसेक वर्षे दोघांची फारशी गाठ पडली नाही. २० आठवड्यांपर्यंत निर्णय डॉक्टरांच्या हातात होता, न्यायालयाची पायरी चढायची वेळ त्यापुढे गेलेल्यांवर येई आणि अशा बहुतेक बाया न्यायालयात जातच नव्हत्या. २००८ साली मुंबईत गर्भाच्या हृदयदोषाचे एक प्रकरण उच्च न्यायालयाने नाकारले, तेव्हा कुठे ‘२० आठवडेच का?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत पोचला.

निकालाविरुद्ध बोलायचे कसे, हे मात्र त्याआधीच ठरत आले होते. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. वर्षभराने कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पत्रात शिवी नव्हती, हेतूचा आरोप नव्हता. निकालातला ‘संमती’ हा शब्द उचलून, निमूट सोसणे म्हणजे संमती कशी, एवढेच विचारले होते. १९८०च्या महिला दिनी मोर्चे निघाले ते त्या पत्राच्या आधारावर, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आधी निकाल वाचायचा, मग शब्द पकडायचा, मग रस्त्यावर यायचे, हा क्रम तिथून आला.

उलट धडा नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या निकालाने दिला. डिसेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाबाहेर धरणे झाले, त्यावर अवमान याचिका आली. धरण्याचा आरोप टिकला नाही. शिक्षा झाली ती त्या याचिकेला उत्तर म्हणून दिलेल्या शपथपत्रातल्या मजकुरापायी : मार्च २००२ मध्ये एका लेखिकेला एक दिवसाची कैद आणि २,००० रुपये दंड. म्हणजे रस्ता निभावला, कागद नडला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वकिलांच्या संपावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने चालेल अशा निषेधाची जवळजवळ यादीच दिली : पत्रके, मुलाखती, फलक, दंडावर फीत, न्यायालयाच्या आवाराबाहेर आणि आवारापासून दूर शांततेचा मोर्चा, धरणे, साखळी उपोषण. ती वकिलांपुरती आहे, पण ‘आवारापासून दूर’ हे शब्द आजही पोलिसांच्या तोंडी असतात.

अवमान कायद्याचे कलम ५ सगळेच सांगतात, पण अर्धे सांगतात. योग्य टीकेला मुभा आहे ती ‘सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या’ प्रकरणात. गर्भपाताच्या याचिका तशा सरळ चालत नाहीत. आज दाखल, उद्या वैद्यकीय मंडळाकडे, परवा अहवाल, मग पुढची तारीख. मधल्या दोन दिवसांत ‘परवानगी द्याच’ म्हणून फाटकावर घोषणा देणे म्हणजे प्रलंबित प्रकरणावर दबाव आणणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गर्भाबाबत ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, ११ला खंडपीठातच मतभेद झाले, १६ला तिघांच्या पीठाने नकार दिला. ९ला अभिनंदनाचे किंवा निषेधाचे फलक छापून घेणाऱ्यांचे आठवड्यात हसे झाले असते.

खरी गुंतागुंत मात्र एका शब्दात आहे : भ्रूणहत्या.

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. २०१२ मध्ये परळीतल्या डॉक्टर दाम्पत्याचे बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघड झाले आणि जिल्ह्याचे नाव देशभर गेले. त्यानंतर शाळेच्या भिंतीपासून एसटी स्टँडपर्यंत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रंगवला गेला; सोबत पाप, खून, फाशी. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण पुढचा ‘स्त्री’ हळूहळू गळाला आणि मागे राहिली नुसती ‘भ्रूणहत्या’. गावात आज गर्भपात आणि भ्रूणहत्या हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

कायद्यात तसे नाही. लिंगनिदानाच्या १९९४च्या कायद्याच्या उद्देशिकेत स्त्रीभ्रूणहत्येचा उल्लेख आहे, पण शिक्षा आहे ती लिंग तपासणे, सांगणे, निवडणे याला. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात हा शब्द नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा आहे, आणि १९७१चा कायदा त्याला अपवाद. दोन कायदे, दोन दारे. व्यवहारात ती एकमेकांत गुंतली, कारण सोनोग्राफीत लिंग कळू लागते ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापासून. त्यामुळे त्यापुढचा प्रत्येक गर्भपात संशयाचा झाला. गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला मेडिकलवाले कचरू लागले, खरे तर त्या सुरुवातीच्या आठवड्यांसाठी असतात, जेव्हा लिंग कळतच नाही. तपासणीची धास्ती घेतलेले डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणू लागले. मोठा दवाखाना, तिथली रांग, पुन्हा सोनोग्राफी, असे करता करता मुलगी मुदतीच्या पलीकडे आणि मग न्यायालयात.

जून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे पंधरा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले, तेव्हा २८ आठवडे झाले होते. या टप्प्यावर गर्भपात केला तरी बाळ जिवंत जन्मेल, असे वैद्यकीय मंडळाने सांगितले. जिवंतच जन्मणार असेल आणि नैसर्गिक बाळंतपणाला बाराच आठवडे उरले असतील, तर पूर्ण वाढ होऊन जन्मू द्यावे, असे म्हणत परवानगी नाकारली गेली. या तर्कावर टीका करता येते, करायलाही हवी : बारा आठवडे कोणाचे, हे निकालात पुरेसे दिसत नाही. पण असा निषेध करणाऱ्याच्या हातात जिल्ह्यात रुळलेला शब्द भ्रूणहत्येचाच असतो. ‘मुलीला न्याय द्या’ आणि ‘भ्रूणहत्या थांबवा’ हे दोन फलक एका रांगेत लागले, की दुसरा पहिल्याला कापतो, आणि फोटोत दोन्ही येतात. जाणत्या कार्यकर्त्या म्हणूनच ‘गर्भलिंगनिवड’ आणि ‘गर्भपात’ हे दोनच शब्द वापरतात. तिसरा घरी ठेवतात.

बाकी बाबी कोरड्या आहेत, पण अडतात तिथेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आहे का, हे आधी ठाण्यात विचारावे. असा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय जास्तीत जास्त १५ दिवसांचा असतो आणि त्यात बहुधा पाच किंवा अधिक जणांवर बंदी असते. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर आवक शिक्का घ्यावा. ‘तोंडी सांगितले होते’ याला नंतर किंमत नसते. शांतता क्षेत्र जाहीर असेल, तर न्यायालय, रुग्णालय, शाळा यांपासून १०० मीटरांत लाउडस्पीकर नाही. खंडपीठाजवळ हातातला भोंगासुद्धा नको.

सगळ्यात जास्त चूक ओळखीत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेचे नाव छापले, तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव कोणी छापत नाही. पण ‘अमुक तालुक्यातील ऊसतोड मजुराची नववीतली मुलगी’ असे लिहिले की गावाला नाव सांगायची गरज उरत नाही. फलकावर आठवडे, कलम आणि निकालाची तारीख एवढेच पुरते. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव, जात, घराचा पत्ता तर मुळीच नको. २०२२ मध्ये अमेरिकेत न्यायाधीशांच्या घरांसमोर निदर्शने झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर इथल्याही काहींना ती पद्धत आवडली होती. इथे ती थेट अवमानाच्या वाटेवर नेते.

निवेदन कोणाला द्यायचे, हाही घोळ असतो. खंडपीठाला उद्देशून लिहिलेला कागद पोचतो, पण तिथे त्याचे काही होत नाही, फार तर नोटीस येते. याचिकेत बहुतेक वेळा राज्य शासन प्रतिवादी असते. म्हणून पत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आरोग्य आणि विधी व न्याय विभागाला. त्याच न्यायालयाकडे निकालाचे पुनर्विलोकन मागायला मुदत ३० दिवसांची, म्हणजे गर्भाचे चार आठवडे. त्या मुलीपुरता उपयोग जवळजवळ संपलेला असतो. म्हणून ज्या निवेदनांतून काही हलले, त्यांत मागणी पुढच्या मुलीसाठी असते : नियमांप्रमाणे मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, परवानगी मिळाल्यास अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया व्हावी, आणि नांदेड किंवा लातूरच्या मुलीला त्यासाठी संभाजीनगरची बस धरावी लागू नये.