ड्राय नीडलिंग

स्नायूंचे दुखणे कमी करण्यासाठी अत्यंत बारीक, भरीव सुई थेट स्नायूत टोचून केला जाणारा उपचार. सुईतून कोणतेही औषध सोडले जात नाही. भारतात हा उपचार मुख्यतः फिजिओथेरपिस्ट करतात. मान अवघडणे, खांदा किंवा कंबर भरून येणे, धावपटूंच्या पोटऱ्या ठणकणे अशा तक्रारींवर तो योजला जातो.

सुई टोचण्याची जागा म्हणजे ताठरलेल्या स्नायूतील ‘ट्रिगर पॉइंट’. तो दाबला असता तेथे तर दुखतेच, पण कळ दूरवरही जाते. मानेलगतच्या ट्रॅपेझियस स्नायूतील अशा जागेची कळ कानामागून कपाळाच्या बाजूपर्यंत पोहोचते, त्यामुळे रुग्ण डोकेदुखी सांगतो आणि दोष मात्र खांद्यात सापडतो. या जागांचे सविस्तर वर्णन अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी केले. त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या. त्या काळी या जागांत भूल देणारे औषध टोचण्याची पद्धत होती. औषधाशिवाय नुसत्या सुईनेही आराम पडतो, हे चेक वैद्य कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले.

उपचाराच्या वेळी रुग्णास पालथे किंवा कुशीवर झोपवून त्वचा स्पिरिटने पुसतात, स्नायू चिमटीत धरतात आणि प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर आलेल्या सुईच्या मागच्या टोकावर बोटाने टिचकी मारतात. हे टोचणे बहुधा जाणवतही नाही. खरा अनुभव त्यानंतरचा असतो : सुई आत पुढेमागे हलवताना स्नायू क्षणभर आपोआप आचका देतो आणि खोलवर पेटका आल्यासारखे वाटते. अनेक थेरपिस्ट हा आचका म्हणजे नेमकी जागा सापडल्याची खूण मानतात, मात्र तो आलाच नाही तर उपचार वाया गेला असे म्हणता येत नाही. पुढे एक-दोन दिवस, व्यायामशाळेत पहिल्यांदा घाम गाळल्यावर अंग दुखते तसा तो भाग दुखतो. याची पूर्वसूचना न मिळालेला रुग्ण दुखणे वाढले असे समजून धास्तावतो.

आयर्लंडमधील फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या ७,६२९ उपचारांच्या नोंदींत सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास आढळला, मुख्यतः त्वचा काळीनिळी होणे, थेंबभर रक्त येणे आणि दुखणे. गंभीर इजा एकही नव्हती. तरीही खांद्याच्या वरच्या भागात किंवा बरगड्यांवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडू शकते. असे क्वचितच होते, पण झाल्याची उदाहरणे आहेत. उपचारानंतर काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीही, धाप लागली किंवा छातीत कळ आली तर तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी ते आधीच सांगणे आवश्यक आहे. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी आणि तिचे पाकीट आपल्यासमोर फोडले जावे, असा आग्रह धरण्यात गैर काहीच नाही.

गुणाविषयीचे दावे मात्र जपूनच घ्यावेत. काही दिवस ते काही आठवडे आराम पडतो याला मध्यम किंवा कमकुवत प्रतीचा पुरावा आहे. दीर्घकालीन लाभ सिद्ध झालेला नाही. तुलनेसाठी वापरलेली, टोचल्याचा नुसता भास देणारी बनावट सुई रुग्णाला ओळखू येत असल्याने निःपक्ष चाचणी घेणेही अवघड असते. ट्रिगर पॉइंटच्या स्वरूपाविषयी तज्ज्ञांत वाद आहे, आणि एकाच रुग्णाला तपासणारे दोघे जण नेहमी तीच जागा दाखवतात असेही नाही. ॲक्युपंक्चरची सुई तीच, परंतु त्यामागील ऊर्जा वाहून नेणाऱ्या नाड्यांची कल्पना ड्राय नीडलिंगमध्ये नाही. दोन्ही व्यवसायांत हक्कावरून तंटा आहे आणि कॅलिफोर्नियात फिजिओथेरपिस्टांना हा उपचार करता येत नाही. भारतात तो बहुधा अल्पमुदतीच्या कार्यशाळांतून शिकवला जातो, म्हणून थेरपिस्टाचे प्रशिक्षण व अनुभव विचारणे रास्त ठरते.

सुईनंतर मोकळ्या झालेल्या स्नायूला ताण देण्याचे व बळकटीचे व्यायाम लगेच जोडले जातात. ते न करणाऱ्याचे दुखणे बहुधा परत येते. तीन-चार बैठकांत काहीच फरक पडला नाही, तर आणखी सुया टोचण्याऐवजी दुखण्याचे मूळ कारण नव्याने तपासून घ्यावे.