बागेआधी पाणी : मराठवाड्यातल्या उद्यानांची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत बहुतेक जण चक्की पाहतात, हौदातले मासे पाहतात आणि निघतात. हौदाच्या खाली दालन आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली मुसाफिरांचा मुक्काम. मे महिन्यात वर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हा खाली गारवा असतो. वातानुकूलन म्हणा हवं तर, फक्त बिल येत नाही.

हवामान बदलात सार्वजनिक बागा कशा टिकवायच्या, ही चर्चा आता सुरू झाली आहे. मराठवाड्यात मात्र तो प्रश्न जुनाच आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि काही वर्षांतच डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. ही नहर उतारावर चालायची. मोट नाही, पंप नाही. पुढे मोगलांच्या काळात बीबी का मकबऱ्याभोवतीची चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, आणि हिमायतबाग झाली. सुमारे 300 एकरांची हिमायतबाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे, म्हणून तर तिथली जुनी झाडी शिल्लक राहिली. क्रम लक्षात घ्या : आधी पाण्याची सोय, मग बाग.

हा क्रम उलटला तो धरण आणि नळ आल्यावर. 1976 मध्ये जायकवाडी पूर्ण झालं. पायथ्याशी पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं, तेही म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर. कारंजी, रोषणाई, हिरवळ. त्या काळी त्याचं अप्रूप होतंच, पण नमुना कावेरीकाठचा होता. मग गावोगावच्या उद्यानांनीही तीच नक्कल केली : लॉन, कडेला मेंदीचं कुंपण, मधे कारंजं. लॉनला रोज पाणी लागतं, आणि इथे नळ कित्येक दिवसांनी एकदा येतो.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हा हट्ट किती महाग आहे ते कळलं. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं खरवडून नेली. पावसात मोठे खंड, मग एकदम कोसळणं, हे आता नेहमीचं झालंय. म्हणजे बागेला दोन्ही जमायला हवं : पाण्याविना तग धरणं आणि आलेलं पाणी मुरवणं. फरशीने मढवलेल्या उद्यानाला यातलं एकही जमत नाही.

कुठल्याही नगरपालिकेच्या बागेत दुपारी जाऊन पाहा. लॉन पिवळं पडलेलं, गुलमोहराखाली विरळ सावली, आणि सगळी म्हातारी माणसं एकाच कडुलिंबाखाली दाटीने बसलेली. त्या लिंबाला पाइप लावायला कोणी येत नाही. त्याचा पडलेला पालाही रोज झाडून, गोळा करून पेटवतात. तोच आळ्यात पसरला तर ओल टिकेल, हे माळ्यालाही माहीत असतं. पण ‘स्वच्छता’ दिसायला हवी ना!

थोडं वेगळंही घडलं आहे. छत्रपती संभाजीनगरमधल्या खाम नदीचा काठ साफ करून तिथे लोकांना फिरायला जागा झाली. बीडजवळ पालवणच्या माळावर सह्याद्री देवराईत देशी झाडं लागली आणि 2020 च्या फेब्रुवारीत तिथे वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. उद्यानांच्या आराखड्यात मात्र वडाला अजून सहसा जागा मिळत नाही. मुळं फरशी उचकटतात, अशी तक्रार असते.