चहा कडू लागला? पाकीट परत पाठवण्याआधी एवढं वाचा

“पाकिटावर फुलांचा दरवळ छापलाय आणि आम्हाला नुसता कडू लागला.” ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याने ‘पाकिटावर’ म्हटलं की पुढचं वाक्य आम्हाला पाठ असतं. मग आम्ही तीन प्रश्न विचारतो. पत्ती किती घेतली, पाणी किती गरम होतं आणि पत्ती पाण्यात किती वेळ होती? पहिल्या दोन प्रश्नांना काहीतरी उत्तर मिळतं. तिसऱ्याला बहुतेकदा एकच: “वेळ कसला? पत्ती कपातच होती की.”

गोम तिथेच आहे. परत आलेल्या प्रत्येक पाकिटातला चहा आम्ही स्वतः करून बघतो. त्यात सबंध सकाळ जाते आणि बहुतेक वेळा चहा ठणठणीत निघतो. म्हणून हे पत्रक. दूध-साखर घालून उकळलेला चहा कसा करायचा हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. इथे बोलायचंय ते फक्त पानांच्या, कोऱ्या प्यायच्या चहांबद्दल.

कडक हवा म्हणून वेळ वाढवू नका

चहा फिका वाटला की आपण काय करतो? अजून थोडा मुरू देतो. पण जास्त मुरलेला चहा म्हणजे तोच चहा थोडा दाट, असं होत नाही. तो वेगळाच चहा होतो. पानातली सगळी द्रव्यं एका वेगाने उतरत नाहीत. गोडसर, रसाळ चव देणारी अमिनो आम्लं (त्यातलं मुख्य थिअनिन) लवकर उतरतात, अगदी कोमटाच्या थोड्या वर असलेल्या पाण्यातही. कॅटेचिनसारखी कडू-तुरट द्रव्यं सावकाश, मागून येतात आणि पाणी जितकं गरम तितकी जोमाने येतात. तीन-चार मिनिटांनंतर कपात जी भर पडते ती मुख्यतः याच मंडळींची. फुलांचा वास तोवर येऊन गेलेला असतो, नाहीतर कडवटपणाखाली दबलेला असतो.

तेव्हा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा आणि वेळ तोच ठेवा. जमलं तर कमीच करा. आणि वेळ झाला की पत्ती पाण्याबाहेर काढा. गाळणी कपात तशीच लोंबत ठेवून फोनवर बोलायला जाऊ नका. हे आम्ही अनुभवाने सांगतोय. सेंचाची (हा जपानी हिरवा चहा) किटली विसरून मी स्वतः वीस मिनिटांनी परत आलो आहे आणि त्या चहाने जीभ अशी आवळली की दुपारपर्यंत दुसऱ्या कशाची चव घेता आली नाही.

यावर काही ग्राहक हसून म्हणतात, “पत्ती जास्त खपावी म्हणून सांगताय.” शंका रास्त आहे, आम्ही चहाच विकतो. पण चांगलं पान एका पाण्यात संपत नाही. ऊलाँगची (हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा) पाच-सहा ग्रॅम पत्ती शंभर-एकशेवीस मिलिलिटरच्या लहान किटलीत टाका, अर्ध्या मिनिटात ओतून घ्या, पुन्हा पाणी घाला. पाच-सहा वेळा तरी तीच पत्ती चालते आणि दरवेळी वेगळी लागते. चीनच्या फुजियान आणि ग्वांगडाँग प्रांतांत असाच चहा करण्याची जुनी रीत आहे. हिशेब मांडलात तर कपामागे पत्ती तेवढीच पडते, कधी थोडी कमीच. फक्त भिजलेला चोथा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

मोठ्या कपात एकदाच करायचा असेल तर दीडशे मिलिलिटरला दोन ते अडीच ग्रॅम पत्तीपासून सुरुवात करा. चमच्याने मोजण्यात फसायला होतं. चमचाभर पांढऱ्या चहाची फुललेली पानं जेमतेम ग्रॅमभर भरतात आणि त्याच चमच्यात सीटीसीचे (यंत्रात चिरडून वळलेल्या, रोजच्या दुधाच्या चहाचे) दाणे घेतले तर वजन सहज दुपटीच्या वर जातं. एक छोटा वजनकाटा घ्या. आमच्याकडे काटे विकायला नाहीत, त्यामुळे हा सल्ला पूर्णपणे निःस्वार्थी आहे.

वाचून-ऐकून माहिती असलेले ग्राहक कधी आम्हाला कोंडीत पकडतात: चहा पारखणारे तज्ज्ञ तर उकळतं पाणी घालून सहा मिनिटं ठेवतात! खरं आहे. आयएसओ ३१०३ या १९८० सालच्या प्रमाणपद्धतीत शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी आणि सहा मिनिटं असंच सांगितलं आहे. पण ती पद्धत तुलनेसाठी आहे. पानाचे सगळे दोष चव्हाट्यावर यावेत म्हणून त्याला मुद्दाम ताणायचं. आम्हीही माल घेताना तेच करतो, फुरका मारतो आणि थुंकतो. तुम्हाला चहा गिळायचा आहे.

कडू आणि तुरट

आपल्याकडे सहा रसांत तुरट वेगळा मोजलेला आहे, तरी चहाच्या बाबतीत आपण सरसकट ‘कडू’ म्हणून मोकळे होतो. कडू जिभेवर लागतं, तुरटपणा तोंडभर जाणवतो. चहातली पॉलिफेनॉल द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो आणि गालफडं आतून खरखरीत होतात. थोडा तुरटपणा हवाच, नाहीतर चहा पानचट लागतो. दूध घातल्यावर चहा मवाळ होतो त्याचं कारणही हेच. पॉलिफेनॉल दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात आणि तुमची लाळ वाचते. तक्रार करताना कडू की तुरट एवढं सांगितलंत तर आमचं निम्मं काम होतं. तोंड कोरडं पडत असेल तर वेळ कमी करा. कोवळ्या हिरव्या चहाच्या पहिल्या घोटालाच जीभ कडवट झाली तर पाणी फार गरम होतं.

पाण्यासाठी थर्मामीटर नसला तरी चालतं. भांड्यात डोकावून बघा. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या चीनच्या लू यूने उकळीचे टप्पे सांगितले आहेत: आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, मग कडेने मोत्यांच्या सरी, मग उसळत्या लाटा. हिरव्या चहाला यातलं काहीच नको. आधण येऊन गेलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, पुन्हा तिसऱ्यात ओता. ते ऐंशी अंशांच्या आसपास येतं.

आम्हाला काय लागलं

पाकिटावरचं वर्णन ही घटकांची यादी नाही. आम्ही दोघे तो चहा प्यायलो तेव्हा जे आठवलं ते लिहिलं, एवढंच. तुम्हाला दुसरं काही आठवलं तर तुम्ही चुकला नाहीत. खालच्या सगळ्या चहांची रोपं मात्र एकाच जातीची, कॅमेलिया सायनेन्सिस. पुढचा सगळा फरक वाणाचा, मातीचा, हंगामाचा आणि तोडल्यावर पानाचं काय केलं त्याचा.

दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. “काळा चहा मागवला, यात हिरवी पानं मिसळलीत.” मिसळलेली नाहीत. वसंतातली ही पानं खूप वेळ सुकवतात. त्यांच्यातली ओल इतकी कमी होते की पुढे ती पुरती काळी पडतच नाहीत. रंग फिका सोनेरी, वास फुलांचा आणि मागे हिरव्या बदामासारखी किंचित तुरट धार. नव्वद अंशांचं पाणी, अडीच मिनिटं. दुसरी तोड उन्हाळ्यातली. ती तांबूस, भरीव असते आणि तिला मस्कट द्राक्षांची झाक येते. माझं मत विचाराल तर नाव पहिलीचं मोठं आणि चव दुसरीची मोठी, पण आमच्या भागीदाराला हे मान्य नाही.

आसाम ऑर्थोडॉक्सला (पान न चिरडता वळलेला चहा) मोड आणून भाजलेल्या धान्याचा वास येतो आणि घोट जड असतो. मनाची तयारी न करता कोऱ्या चहाकडे वळायचं असेल तर इथून सुरुवात करा. उकळतं पाणी याला चालतं, तीन मिनिटं पुरतात. सीटीसी दुधाच्याच चहासाठी घ्या. कोरा प्यायलात तर रागावाल. निलगिरी डोंगरांतला चहा स्वच्छ, सुगंधी आहे आणि थंड केल्यावरही सहसा गढूळ होत नाही. श्रीलंकेचा नुवारा एलियाचा चहा हलका आणि चुणचुणीत, तर उवाच्या हंगामी चहात पुदिन्यासारखा गारवा.

हिरव्यात दोन घराणी आहेत. चिनी पानांचं काळं पडणं कढईत भाजून थांबवतात, जपानी पानांचं वाफेवर. चिनी लाँगजिंगला म्हणून भाजलेल्या शेंगदाण्याचा, चेस्टनटचा खरपूसपणा आहे आणि सेंचाला ओल्या गवताचा, समुद्राच्या वाऱ्याचा वास. ग्योकुरो या जपानी चहाची झुडपं तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत झाकतात, त्यामुळे थिअनिन पानात टिकून राहतं. पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात केलात तर चहापेक्षा रश्श्याच्या जवळ जाईल इतका दाट, रसदार उतरतो. उकळत्या पाण्यात केलात तर आमचा सगळ्यात महाग चहा आमचा सगळ्यात वाईट चहा होतो. नवख्या ग्राहकाने ग्योकुरो मागवला की आम्ही फोन करून आधी सेंचा घेऊन बघा म्हणतो. धंद्याला हे बरं नाही, पण परत येणारी पाकिटं त्याहून वाईट.

पांढऱ्या चहाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चीनमधल्या फुदिंगच्या ‘चांदीच्या सुयां’ना (म्हणजे नुसत्या कळ्यांच्या चहाला) काकडीचा, वाळलेल्या गवताचा मंद वास असतो. घाईत प्यायलात तर गरम पाणीच प्यायल्यासारखं वाटेल. ज्यांना कडक आवडतो त्यांनी हा घेऊ नये.

तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ ऊलाँगमध्ये मध घातलाय का, असं हमखास विचारतात. एक थेंबही नाही. श्रेय तुडतुड्यांचं. हे किडे कोवळी पानं शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात मधासारखी लागतात. साहजिकच त्या काळात बागेत कीटकनाशक फवारून चालत नाही आणि पीकही कमी येतं, किमतीचं कारण हे. चीनमधल्या आनशीचं त्येग्वानयिन हे ऊलाँग घट्ट गोळीच्या रूपात येतं. पहिल्या पाण्यात गोळी नुसती उघडते, खरा चहा दुसऱ्या पाण्यापासून. पहिलंच पाणी पिऊन मत बनवू नका.

लापसांग सूचाँग एका ग्राहकाने ‘जळका माल’ म्हणून परत पाठवला होता. तो चीनच्या वूयी डोंगरातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला चहा आहे, धुरकटच असतो. आवडला तर वेड लागतं. नाही आवडला तर त्याचं पाकीट इतर चहांपासून लांब ठेवा, कारण चहा शेजाऱ्याचा वास पटकन उचलतो. मसाल्याच्या कप्प्यात ठेवलेला चहा आम्ही झाकण उघडताच ओळखतो.

राहिला चीनच्या युनान प्रांतातला पु-अर, म्हणजे मुरवलेला चहा. ‘शंग’ म्हणजे वर्षानुवर्षं आपल्या गतीने मुरणारा. तरुणपणी तो चांगलाच कडवट असतो, पण त्याचा कडूपणा घशाखाली गेल्यावर गोड होऊन परत येतो. ‘शू’ म्हणजे पानांचे ओले ढीग घालून लवकर आंबवलेला, ही रीत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. शूला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास येतो. तो कुबट वासाहून वेगळा आहे. बुरशी लागलेला पु-अर नाकाला टोचतो, चांगला टोचत नाही. उकळत्या पाण्याने एकदा धुऊन ते पाणी टाकून द्या आणि मग करा. लांबवलेला वेळ थोडाफार सहन करणारा आमच्याकडे हा एकच चहा आहे. विसराळू लोकांना आम्ही तोच देतो.

अत्तर, अर्क घालता का?

आमच्या यादीत बाहेरचा वास असलेले दोनच चहा आहेत आणि दोन्हींवर तसं लिहिलेलं आहे. एक मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचे थर देऊन वास मुरवलेला जास्मिन, दुसरा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा अर्ल ग्रे. बाकी सगळं पानाचं. म्हणूनच मागच्या वर्षीचा आणि यंदाचा चहा तंतोतंत एकसारखा लागत नाही. हंगाम बदलला की आम्ही पुन्हा चव घेतो आणि पाकिटावरचा मजकूर बदलतो. नेहमी तीच चव हवी असेल तर अनेक बागांचा माल मिसळलेला चहा घ्या. त्यात काही कमीपणा नाही, आमच्याकडेही एक आहे.

कुठला घ्यावा हे ठरत नसेल तर आठ चहांचा लहान पुड्यांचा संच आहे, प्रत्येकी दहा ग्रॅम. मोठं पाकीट फोडून पस्तावण्यापेक्षा तो बरा. फोडलेलं पाकीट आम्ही परत घेतो, पण त्यात निदान दोन वेळची पत्ती शिल्लक असू द्या. रिकाम्या पाकिटाची चव आम्हाला घेता येत नाही. आणि फोन करण्याआधी पत्तीचं वजन, पाण्याचं माप आणि घड्याळात मोजलेली मिनिटं कागदावर लिहून ठेवा. अंदाजाने “दोन-तीन मिनिटं असतील” म्हणालात तर आम्ही तुम्हाला पुन्हा एकदा चहा करायला लावू.