नदी-ओढ्यांतील कचऱ्याचा प्रवास

रस्त्यावर, उतारावर किंवा काठावर टाकलेला कचरा पाण्याबरोबर वाहत, अडत, रुतत आणि पुन्हा सुटत पुढे सरकतो, ती प्रक्रिया. नदीत पडलेला कचरा सरळ समुद्राला जाऊन मिळतो, ही समजूत चुकीची आहे. त्याचा बराचसा काळ वाहण्यात नव्हे, अडकून पडण्यातच जातो.

पुण्याचा आंबील ओढा पाहावा. कात्रजच्या डोंगरात उगम पावून तो धनकवडी, सहकारनगर, दांडेकर पूल अशा दाट वस्तीतून मुठेला मिळतो. उन्हाळ्यात धार जेमतेम असते. चिंध्या, पिशव्या, करवंट्या जागच्या जागी साचतात. पहिल्या मोठ्या पावसात हा सगळा साठा एकदम उठतो. पुलाच्या मोरीत आधी एखादी फांदी आडवी बसते, तिला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला जातो, त्यावर पिशव्या थापल्या जातात आणि बघता बघता बांध तयार होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याच्या पुराने काठच्या वस्त्यांतील माणसांचे बळी घेतले. पाऊस प्रचंड होता हे खरे. पण पात्र आवळणारी बांधकामे आणि तुंबलेल्या मोऱ्या अशा पुराला अधिक घातक करतात.

काय तरंगेल आणि काय बुडेल, हे निव्वळ वजनावर ठरत नाही. पिशवीचे पॉलिथीन पाण्याहून किंचित हलके, तरी शेवाळ आणि गाळ चढला की ती तळ गाठते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक मात्र पाण्याहून जड. टोपण घट्ट असेल तर आतल्या हवेवर बाटली कोसच्या कोस जाते. नसेल तर भरून बुडते. गाठ मारून सोडलेली निर्माल्याची पिशवीही गाठ टिकेपर्यंत तरंगते. फुले आतच सडतात. नदीला वाहिलेली फुले नदीला मिळतच नाहीत.

मुळा आणि मुठा नद्यांच्या संगमापुढे बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे पाणी संथ होते. तेथे जड वस्तू गाळात बसतात, हलक्या जलपर्णीत गुंततात. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात अडते. वाटेत उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे तुकडे पडत जातात. ५ मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. नाल्यांवरच्या जाळ्यांना ते सापडत नाहीत.

पूर ओसरला की काठच्या बाभळींवर पिशव्या लोंबताना दिसतात. सर्वांत वरची पिशवी जिथे अडकली, साधारण तिथवर पाणी चढलेले असते. तेवढेच पाणी पुन्हा येईपर्यंत किंवा कोणी काढेपर्यंत ती तिथेच फाटत राहते.