४०३००१ (मूळ संख्या)

४०३००१ (चार लाख तीन हजार एक) : एक मूळ संख्या. गोव्यात ती पणजीचा पिनकोड म्हणून सर्वांच्या हातवळणाची आहे. अर्जावर, पाकिटावर आपण ती लिहून मोकळे होतो; १ आणि स्वतः ती यांखेरीज तिला विभाजक नाही, इकडे सहसा लक्ष जात नाही.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. त्यांची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृत कवीही होते. गोव्याच्या वाट्याला सुरुवातीचे ४०३ हे अंक आले. ४०३ = १३ × ३१, म्हणून ४०३००१ ला १३ ने भागा की ३१ ने, बाकी १ च उरते. इतर भाजक मात्र एकेक करून तपासावे लागतात. या संख्येचे वर्गमूळ ६३४ व ६३५ यांच्या दरम्यान असल्याने ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या पुरतात. त्याहून मोठा विभाजक असता तर त्याचा जोडीदार या टप्प्यातच सापडला असता. ७ ने भागल्यास बाकी ४, ११ ने ५, १७ ने १६. ४३९ ला तर थोडक्यात हुकते : बाकी ४३८. कागद-पेन्सिलीने हे काम एका दुपारचे आहे, आणि शाळेतल्या मुलांनी ते एकदा तरी करून पाहावे. शेजारच्या शहरांचे पिनकोड लवकर फुटतात. फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ ने, मडगावच्या ४०३६०१ ला ११ ने आणि म्हापशाच्या ४०३५०७ ला १३ ने नि:शेष भाग जातो.

४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. फर्माने सांगितलेला हा नियम ऑयलरने सिद्ध केला. ४०३००१ अशीच आहे :

५६०² + २९९² = ३१३६०० + ८९४०१ = ४०३००१

याच दोन संख्यांपासून काटकोन त्रिकोणही मिळतो. त्याच्या बाजू २२४१९९ (५६०² − २९९²) व ३३४८८० (२ × ५६० × २९९), आणि कर्ण ४०३००१. या संख्येचे हे सर्वांत देखणे रूप म्हणावे लागेल.

सहा अंकी संख्या आपल्याला मोठी वाटते. २०२४ मध्ये सापडलेली २¹³⁶²⁷⁹⁸⁴¹ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिच्यापुढे ४०३००१ किरकोळच.

४०३००३ हीसुद्धा मूळ संख्या आहे, म्हणून या दोघी जोडमूळ संख्या (फक्त २ च्या अंतरावरच्या मूळ संख्या) ठरतात. चार लाखांच्या आसपास सरासरी तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या येते, तिथे दोघींमध्ये फक्त ४०३००२ आहे. अशा जोड्या अनंत आहेत का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवले, की सात कोटींहून कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे इतरांनी हे अंतर २४६ पर्यंत खाली आणले. गाठायचे आहे ते २.