पाणी कुणाला ठाऊक, ठरवणार कोण? पॅसिफिक बेटांवरच्या गावपाण्याची पार्श्वभूमी

बनाबा हे किरिबातीमधलं जेमतेम सहा चौरस किलोमीटरचं बेट. चुनखडकाचं उंच पठार. नदी नाही, ओढा नाही, खणून लागेल असं गोडं पाणीही नाही. पाणी होतं ते जमिनीखालच्या गुहांमध्ये, छतातून ठिबकून साचलेलं. बनाबन लोक या गुहांना ‘बंगाबंगा’ म्हणत आणि तिथं उतरायचा हक्क फक्त बायकांचा. अंधारात वाकून आत शिरायचं, करवंट्यांनी पाणी भरायचं आणि वर आणायचं. कुठल्या गुहेत किती उरलंय, कुठली आधी आटते, हे त्यामुळे बायकांनाच पक्कं ठाऊक. ‘लोकसहभाग’ हा शब्द अहवालांत शिरायच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था.

१८७०च्या दशकात सलग तीन वर्षं पाऊस दगा देऊन गेला तेव्हा तीही पुरी पडली नाही. बेटावरची बरीच माणसं दगावली, उरलेल्यांतली अनेक मिळेल त्या जहाजानं निघून गेली. १९०० मध्ये तिथं फॉस्फेट सापडलं. पुढची ऐंशीएक वर्षं खाणकामानं गुहांच्या माथ्यावरची जमीन खरवडून नेली, समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारी यंत्रं आली, आणि डिसेंबर १९४५ मध्ये बनाबन लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. पाणी ज्यांना कळत होतं त्या बायका पाण्यापासून लांब, आणि पाण्याचा निर्णय कंपनीच्या कचेरीत. पॅसिफिकमधल्या पुढच्या बहुतेक पाणी योजनांची गोष्ट याच अंतराची आहे, म्हणून सुरुवात बनाबापासून.

पॅसिफिकमधली बरीच बेटं बनाबासारखी उंच नाहीत. किरिबातीची राजधानी तरावा, मार्शल बेटांमधलं माजुरो, तुवालूचं फुनाफुती ही कंकणद्वीपं आहेत. मध्ये लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचं तळं, भोवती वाळू आणि प्रवाळाच्या चुऱ्याची अरुंद पट्टी, समुद्रापासून दोन-तीन मीटर उंच. पट्टी पुरेशी रुंद असेल तर पाऊस वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ. म्हणून त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर एक सेंटिमीटर गोडं पाणी असेल, तर हिशेबानं खाली चाळीस सेंटिमीटर असतं. प्रत्यक्षात मध्ये मचूळ पाण्याचा जाड थर येतो आणि खालचा जुना सच्छिद्र चुनखडक भिंगाची वाढ रोखतो, पण तोल हाच.

हा चाळीसचा आकडा उलटाही लागू होतो. उभ्या विहिरीवर जोरकस पंप बसवून पातळी पाच सेंटिमीटरनं खाली ओढली, की खालून खारं पाणी दोन मीटर वर चढायला बघतं. विहीर आटत नाही, खारावते. आणि एकदा खारावली की पंप बंद करून महिनोन् महिने वाट पाहावी लागते. यावरचा इलाज म्हणजे गॅलरी: पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली जाईल इतका चर खणायचा, त्यात छिद्रांचा पीव्हीसी पाईप आडवा टाकायचा, मधोमध एक विहीर आणि तिच्यावर लहान पंप. उपसा लांबवर विभागला जातो, पातळी थोडीच उतरते. तरावाच्या बोनरिकी भागातल्या गॅलऱ्या तीनशे मीटरच्या घरात आहेत.

बेटावरच्या लोकांना हे भिंग सूत्रावाचून माहीत होतंच. बाबाई नावाचं थोराड अळू ते ज्या खड्ड्यांत लावतात, ते खड्डे भिंगाच्या पातळीपर्यंत खणलेले असतात. खड्ड्यातलं पाणी मचूळ झालं की पानं आधी सांगतात.

१९७७ मध्ये तरावावर कॉलऱ्याची साथ आली आणि सगळं झपाट्यानं बदललं. दक्षिण तरावाची वस्ती दाटत चालली होती, अंगणातल्या विहिरीत दोन-तीन मीटरवर पाणी, आणि त्याच वाळूत शौचखड्डे आणि डुकरांचे गोठे. वाळूत पाणी गाळलं जातं हा आपल्याकडचा समज इथं उपयोगाचा नाही. प्रवाळाचा चुरा इतका भरड असतो की रोगजंतू फार न अडखळता विहिरीपर्यंत पोचतात. साथीनंतर ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं नळयोजना झाली, संडास समुद्राच्या पाण्यानं धुवायची गटारव्यवस्था झाली, आणि बोनरिकी व बुओटा इथली जमीन ‘पाण्यासाठी राखीव’ ठरली. इंजिनियरांच्या दृष्टीनं काम चोख होतं.

पण जमीन कुटुंबांची होती, आणि जमिनीखालचं पाणी जमिनीबरोबरच येतं ही तिथली धारणा. सरकार भाडं देऊ लागलं. ते कमी आहे ही तक्रार राहिली. पंपामुळे नारळ आणि बाबाई सुकतात ही दुसरी. हळूहळू राखीव पट्ट्यात घरं आली, भाजीचे वाफे आले, डुकरं आली, कबरी आल्या. ‘इथं राहू नका’ हे सांगणं सोपं होतं. पायाखाली काय आहे आणि त्यावर शहरातले कोण कोण जगतात, हे पटेल असं सांगायची तजवीज योजनेत नव्हती. दोन्ही भिंगांमधून दिवसाला सुमारे दोन हजार घनमीटर इतकाच उपसा सुरक्षित मानला जातो. २०२०च्या सुमारास दक्षिण तरावाची वस्ती साठ हजारांवर होती. म्हणजे सगळं पाणी नळाला पोचलं तरी माणशी तीसेक लिटर, आणि पोचत नव्हतंच: निम्म्याच्या आसपास वाटेतच गळत होतं.

गळती आणि तुटवडा यावर एक हुशार तोडगा या शतकाच्या सुरुवातीला काढला गेला. प्रत्येक घराला पाचशे लिटरची टाकी आणि तिला दिवसरात्र बारीक धार. धारेच्या तोंडाशी लहान छिद्राची चकती, म्हणजे कुणीही हिश्शापेक्षा जास्त घेऊ शकणार नाही. कागदावर याच्याइतकी न्याय्य व्यवस्था सापडणार नाही. प्रत्यक्षात करंगळीएवढ्या धारेकडे पाहून लोकांना वाटलं, नळ बिघडलाय. कुणी चकती काढली, कुणी मुख्य पाईपला भोक पाडून आपली नळी जोडली. ओळीतल्या पहिल्या घरांनी असं केलं की शेवटच्या घरांची धार आपोआप मरते, मग तेही तेच करतात. शेवटी पुन्हा दोन दिवसांतून तास-दोन तास पाणी सोडणं सुरू झालं, आणि त्यात नवा धोका: रिकाम्या पाईपमध्ये दाब उरत नाही, तेव्हा गळक्या सांध्यांतून भोवतालचं घाण पाणी आत ओढलं जातं. यात यंत्राचा दोष मला दिसत नाही. चकती कशासाठी आहे हे घराघरात बसून सांगणारं माणूस खर्चाच्या तक्त्यात नव्हतं.

जिथं भिंग नाही किंवा नासलं आहे, तिथं सगळी मदार छपरावर. तुवालूत हेच. एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण मराठी वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. किरिबाती आणि तुवालूत मात्र एल निनो पाऊस आणतो आणि ला निना कोरड. तरावाची वार्षिक सरासरी दोन हजार मिलिमीटर, पण एखादं वर्ष पाचशेच्याही आत, तर एखादं चार हजारांच्या वर. २०११च्या ला निनात सप्टेंबरअखेर तुवालूनं आणीबाणी जाहीर केली, घरटी दिवसाला दोन बादल्यांचं रेशन लागलं आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाहून खारं पाणी गोडं करायची यंत्रं विमानानं आली.

छपराचा हिशेब कुठल्याही गृहिणीला जमेल असा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साठ चौरस मीटर छप्पर, शंभर मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं धरलं, तर ४,८०० लिटर. पिण्या-रांधण्यापुरतं माणशी दहा लिटर धरलं तर सहा जणांना ऐंशी दिवस. घात होतो तो आकड्यात नाही, पन्हळीत. अर्ध्याच छपराला पन्हळ असते. खाऱ्या हवेनं खिळे आणि कड्या गंजून ती मधेच वाकते. टाकीच्या तोंडची जाळी फाटते आणि आत डास अंडी घालतात.

पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढणारा उभा पाईप हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पाईपच्या एका मीटरमध्ये आठेक लिटर मावतात. वरच्या छपरावरचा पहिला अर्धा मिलिमीटर, म्हणजे तीस लिटर, अडवायला सुमारे चार मीटर पाईप लागतो. तो भरला की स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं, आणि तळाच्या बुचातल्या बारीक भोकातून हा पाईप सावकाश रिकामा होतो. ते भोक पानांच्या चिखलानं बुजलं की पाईप कायम भरलेला राहतो आणि पक्ष्यांची विष्ठा थेट टाकीत. उलट बूच हरवलं तर पावसाचा मोठा भाग जमिनीवर. दर पावसानंतर बूच उघडून धुणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कुणाचं, हे ठरलेलं नसतं.

या सगळ्या प्रदेशात पाण्याची प्रयोगशाळा राजधानीत असते आणि नमुना बोटीनं पोचेपर्यंत निरुपयोगी होतो. यावरचा एक उपाय भारतातून गेला. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये कागदाच्या पट्टीची चाचणी प्रसिद्ध केली. पेप्टोन, फॉस्फेट, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार यांचं द्रावण कागदात शोषवून वाळवायचं, निर्जंतुक बाटलीत ठेवायचं. वीस मिलिलिटर पाणी ओतून बाटली उबेला ठेवली की विष्ठेबरोबर येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लोहाशी मिळतो आणि बाटली काळी पडते. फ्रीज नको, सूक्ष्मदर्शक नको. दक्षिण पॅसिफिकच्या प्रादेशिक भूविज्ञान आयोगानं, म्हणजे सोपॅकनं, ही चाचणी या शतकाच्या पहिल्या दशकात बेटांवर तपासून पाहिली आणि गावांच्या हाती दिली.

तिच्या मर्यादा वापरणाऱ्यांनी पाठ करून ठेवाव्यात अशा. झाकण उघडताना बोट आत लागलं तर बाटली बोटामुळेच काळी होते, म्हणून उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली शेजारी हवीच. पाणी ओतल्या ओतल्या काळं झालं तर ते जंतू नव्हेत, पाण्यात आधीच असलेला सल्फाइड. विष्ठेशी संबंध नसलेले काही जंतूही सल्फाइड करतात, त्यामुळे एका काळ्या बाटलीवरून विहीर बुजवायची नसते. चोवीस तासांत काळी आणि तिसऱ्या दिवशी काळी यातही फरक आहे: लवकर काळी म्हणजे घाण जास्त. पण तिचा खरा गुण वेगळाच. अहवालातला आकडा अधिकाऱ्याला कळतो. आपल्या विहिरीची बाटली काळी आणि चर्चच्या टाकीची पिवळी, ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

साधारण त्याच काळात सरकारी धोरणही याच दिशेनं कललं. २००२ मध्ये फिजीतल्या सिगाटोका इथं बेटांच्या देशांनी पाण्याचा प्रादेशिक कृती आराखडा ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘पाणी सुरक्षा योजना’ मांडली: नळाच्या टोकाशी तपासण्याऐवजी झऱ्यापासून हंड्यापर्यंत कुठं काय बिघडू शकतं ते आधी शोधायचं. टोंगा, वानुआतू, पलाऊ आणि कुक बेटं इथं तिचे पहिले प्रयोग झाले. वानुआतूनं यात दुष्काळ आणि चक्रीवादळाचाही विचार जोडला आणि २०१६ च्या कायदादुरुस्तीनं ग्रामीण पाणी समित्यांत किमान चाळीस टक्के बायका असाव्यात असं ठरवलं.

चाळीस टक्के का, हे किरिबातीच्या मानेआबात बसलं की कळतं. मानेआबा म्हणजे गावाचं मोठं सभागृह. प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली, आणि बोलायचा पहिला मान ‘उनिमाने’, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांचा. बाहेरून आलेला अधिकारी इथं सभा घेतो, वडील होकार देतात, इतिवृत्तात ‘गावाची संमती’ लागते. भरतीच्या वेळी कुठली विहीर मचूळ होते हे ज्या बाईला माहीत आहे ती मागे बसून चहाचं बघत असते. मान मोडून चालत नाही, वडिलांना डावललं तर योजना त्याच दिवशी संपते. म्हणून जाणते लोक आधी वडिलांची परवानगी घेतात, मग बायकांची बैठक वेगळी, बहुधा चर्चच्या महिला मंडळात. तिथं जमिनीवर गावाचा नकाशा काढतात: विहिरी शंखांनी, संडास दगडांनी. दगड आणि शंख शेजारी शेजारी आले की प्रश्न बायकाच विचारतात. तो नकाशा मग मानेआबात जातो.

दूरच्या बेटांना रेडिओ हा मोठा धागा. बोट आठवड्या-महिन्यांनी, रेडिओ रोज. वानुआतूत १९८९ मध्ये सुरू झालेल्या वान स्मोलबाग नाट्यमंडळानं आणखी एक वाट रुळवली. सगळं सामान एका लहान पिशवीत मावेल इतकं, भाषा बिस्लामा, रंगमंच गावातलं मैदान. इंग्रजी भित्तिपत्रकापुढून माणूस सरळ निघून जातो. सासू-सुनेच्या भांडणात डुकरं विहिरीपासून लांब बांधायची गोष्ट आली की थांबतो आणि दुसऱ्या दिवशी तेच संवाद विहिरीवर म्हणतो.

संदेश चुकला तर काय होतं याचं उदाहरण लाट बेटावर चढते तेव्हा दिसतं. फेब्रुवारी २००५ अखेर पर्सी चक्रीवादळानं उत्तर कुक बेटांतल्या पुकापुकाच्या विहिरी खाऱ्या केल्या. भिंग पुन्हा पिण्याजोगं व्हायला अकराएक महिने लागले. अशा वेळी हात आपसूक पंपाकडे जातो: खारं पाणी उपसून टाकू. विहिरीत साचलेलं तेवढं सावकाश काढणं ठीक, पण जोरात उपसलं तर खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि भिंग आणखी उशिरा सुधारतं. पाऊस वरून मुरत राहतो आणि मीठ हळूहळू खाली ढकलतो. तेवढे महिने टाकीचं पाणी आणि शहाळी यांवर काढायचे असतात. लाट ओसरल्याच्या पहिल्या संध्याकाळी रेडिओवर म्हणूनच एकच वाक्य पुन्हा पुन्हा जावं लागतं, स्थानिक भाषेत: विहीर उपसू नका, झाकण लावा, आणि आठवड्यातून एकदा चव सांगा.