जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नाही, शाफ्टला लागतो

स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या, आणि त्या घराण्यातल्या सीजे 3 बी सारख्या गाड्या आजही लोक जिवापाड जपतात. इंजिन उघडतात, रंग काढतात, हूड नवं शिवून घेतात, पण हँडब्रेकचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "तो लागतच नाही, आपण गिअरमध्ये टाकतो आणि चाकाला दगड लावतो." मला हे पटत नाही. हा हँडब्रेक नीट बांधला तर मस्त धरतो, फक्त तो कसा काम करतो ते आधी समजून घ्यावं लागतं.

साध्या कारमध्ये हँडब्रेकची केबल मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. जीपमध्ये चाकांपर्यंत काहीच जात नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी असते, तिथून मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे सुरू होतो तिथेच साधारण सहा इंची छोटा ड्रम बसवलेला असतो आणि त्याच्या आत दोन ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी. (युद्धातल्या सुरुवातीच्या जीपना ड्रमच्या बाहेरून आवळणारा पट्टा होता, आतून फाकणारे शू नंतर आले.)

एवढासा ड्रम अख्खी जीप कशी धरतो? हिशोब करून बघा. माणसांसकट जीप 1200 किलो धरली आणि पाचाला एक असा चढ घेतला, तर गाडी साधारण 235 किलोच्या जोराने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर, म्हणजे चाकांवर मिळून जवळपास 82 किलोग्रॅम-मीटर टॉर्क अडवायचा. पण मधे डिफरेन्शियल आहे, म्हणजे शाफ्टचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, सीजे 3 बी मध्ये त्याचा रेशो 5.38, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला 5.38 फेरे लागतात. मग शाफ्टवर अडवायचा टॉर्क तेवढ्याच पटीने कमी, पंधराच्या आसपास! त्यातले क्राऊन-पिनियन हे दोन गिअर आपलं काम फुकटात सोपं करून देतात, आणि ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

पण याच डिफरेन्शियलमुळे धोकाही आहे, आणि तो जीवघेणा आहे. हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकवर उचललंत तर शाफ्ट जाम असला तरी जमिनीवरचं चाक पुढे आणि हवेतलं चाक तेवढंच उलटं फिरू शकतं, त्यामुळे टू व्हीलमध्ये (फक्त मागची चाकं जोडलेली) असलेली जीप हँडब्रेक लावलेला असताना जॅकवरून घरंगळते. तसंच, या ब्रेकचं काम करायला मागचा शाफ्ट सोडवलात की ड्रम आणि चाकांचा संबंधच तुटतो, तेव्हा हँडब्रेक शून्य आणि मागच्या चाकांसाठी गिअरही शून्य. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी गाडी सपाट जागेवर घ्या आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा, यात तडजोड नको.

आता उघडूया. शाफ्टचे बोल्ट काढले, मधला मोठा नट सोडवला की ड्रम बाहेर येतो आणि बऱ्याचदा आत काळा चिकट चिखल दिसतो. तो ट्रान्सफर केसचं ऑइल आणि लायनरची (शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या अस्तराची) धूळ यांचा लगदा. लायनरचा घर्षणांक कोरड्यात साधारण 0.35 ते 0.4 असतो, ऑइल लागलं की तो पार कोसळतो, मग तुम्ही दोन्ही हातांनी ओढा नाहीतर पाय लावून ओढा, काही उपयोग नाही. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुवून पॉलिश पेपर मारला तरी आतलं ऑइल पुन्हा वर येतं, तो बदलायचाच. आणि एक महत्त्वाचं, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, त्याचे बारीक तंतू फुप्फुसात अडकतात आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर करू शकतात. हवा मारून ड्रम साफ करू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

नवीन लायनर लावण्याआधी ऑइल कुठून आलं ते शोधा, नाहीतर सगळी मेहनत आठवड्यात वाया. मागची ऑइल सील बदलतातच सगळे, पण ती सील ज्या गुळगुळीत भागावर घासते तिथून एकदा नख फिरवून बघा. वर्षानुवर्षं रबराचा ओठ एकाच जागी घासून तिथे बारीक चर पडलेली असते, नख अडकलं तर नवी सीलसुद्धा गळणार. तिथे पातळ स्लीव्ह चढवायची किंवा तो पार्टच बदलायचा. ट्रान्सफर केसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं भोक) चिखलाने बुजलाय का तेही बघा, कारण ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि वाट मिळाली नाही की सीलमधूनच ऑइल बाहेर ढकलते.

मग केबल. इथे जे विज्ञान आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं. वळणावर वायर नळीच्या भिंतीला दाबली जाते आणि तिथे जोर खर्च होतो, आणि किती खर्च होणार हे वळण मोठं की छोटं यावर नसून सगळी वळणं मिळून किती अंश होतात आणि घर्षण किती यावर ठरतं. समजा एकूण 180 अंश वळण आहे आणि तुम्ही 20 किलोने ओढताय. वंगण नीट असेल, घर्षणांक 0.1, तर पलीकडे साडेचौदा किलो पोचतात. गंज चढून तोच 0.3 झाला की पोचतात जेमतेम आठ. म्हणजे हात तोच, हँडल तेच, पण निम्म्याहून जास्त ताकद नळीतच जिरली. म्हणून गंजलेली केबल ताणत बसण्यापेक्षा नवीन टाका, ग्रीस भरा आणि उगाच घेतलेला वळसा सरळ करा.

जोडताना आधी शू अ‍ॅडजस्ट करायचे आणि केबल नंतर. हँडल पूर्ण आत ढकलून ठेवा, ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरचे दात फिरवत शू ड्रमला टेकवा, मग ड्रम मोकळा फिरेपर्यंत थोडे दात मागे घ्या. त्यानंतर केबलची ढील काढा. उलटं केलं, म्हणजे झिजलेल्या शूची भरपाई केबल ओढून केली, तर आतला लिव्हर आधीच तिरका बसतो आणि त्याची अर्धी चाल संपलेली असते.

टेस्ट चढावर करा, सोबत एकाला दगड घेऊन उभं करा. ब्रेक लागल्यावरही जीप किंचित हलून मग थांबेल, त्याने घाबरू नका, ती डिफरेन्शियलच्या दातांतली आणि शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसमधली ढील आहे. चालत्या गाडीत मात्र हा ब्रेक ओढू नका, सगळा झटका शाफ्ट आणि अ‍ॅक्सलवर जातो. नवा लायनर ड्रमवर बसायला थोडे दिवस घेतो, त्यानंतर दात पुन्हा एकदा तपासून घ्या.